बिनभाताचा श्रावण

२३ जून, सोमवार

भात बंद. भाकरी बंद. चपाती, पोहे, बटाटा, साखर, गूळ — सगळं बंद! आणि तूप चालू. लोणी चालू. खोबरं चालू. मी डॉक्टर निवेदिता मॅडमना पुन्हापुन्हा विचारलं, "तूप म्हणजे आपलं तूपच ना?" बेळगावच्या खडेबाजारातल्या त्यांच्या दवाखान्यात बाकावर बसलेली माणसं हसली. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "राजकुमार, तुमच्या लिव्हरमध्ये चरबी साठलीय ती तुपाची नाही. भाताच्या डोंगराची आणि दिवसभरच्या गोड चहाची आहे."

माझं लिव्हर! एवढी वर्षं पोटात वागवतोय, कुठल्या बाजूला आहे तेसुद्धा ठाऊक नव्हतं. उजवीकडं असतं. बरगड्यांच्या आडोशाला. घरी येऊन तिथं हात ठेवून बसलो. बायको मनिषा म्हणाली, "दुखतंय व्हय?" म्हटलं, नाही गं, ओळख करून घेतोय.

हे सगळं आक्कासाठी. अंजनी आक्काचं लिव्हर गेलंय. दारू नाही, तंबाखू नाही — तिच्या शरीरानंच त्याला परकं समजून कुरतडलं म्हणे. बेंगळुरूचे डॉक्टर म्हणाले, घरातल्या कुणाच्या लिव्हरचा तुकडा मिळाला तर वाचेल. सुबराव दाजींचा रक्तगट जुळत नाही. आईचं वय झालं. माझं सगळं जुळतं! पण चरबी इतकी, की असलं लिव्हर कापून दुसऱ्याला देत नाहीत. दोन महिन्यांत चरबी उतरवा, मग बघू, म्हणाले. म्हणून मॅडम, म्हणून हे तूप.

आक्काला यातलं काहीच सांगितलेलं नाही. पहिल्यांदा डॉक्टरांच्या तोंडून "भाऊ आहे का?" एवढं निघालं, तशी ती खुर्चीतनं उठलीच होती. "माझ्यापायी माझ्या भावाच्या पोटाला सुरी लागायची न्हाय. त्यापरीस मी गेलेली बरी!" आमच्या वडगावात तिच्याएवढं हट्टी माणूस झालं नाही. त्यामुळं आईनं ठरवलं — "आधी ल्योक तयार हू दे. मग लेकीशी भांडू." आक्काला वाटतंय, मेलेल्या माणसाचं लिव्हर मिळावं म्हणून सरकारी यादीत नाव लावलंय, त्याची वाट बघतोय.

२४ जून, मंगळवार

भूक. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

२६ जून, गुरुवार

डोकं फुटतंय. पायात गोळे येतायत. साड्यांचा माग चालू केला की प्रत्येक खटका कवटीच्या आत बसतो. मॅडमना फोन केला. मीठ घालून पातळ ताक प्या, म्हणाल्या, सुरुवातीला होतं असं. प्यालो. तासाभरात उठून बसलो! चिमूटभर मिठाची ही करामत. मग मनिषानं "भात" वाढला. बघतो तर फ्लॉवर किसून वाफवलेला. वर वरणाऐवजी तूप आणि जिरं. दिसायला भात, वासाला फ्लॉवर. "गप गिळा," म्हणाली. गिळला.

शेजारच्या जयाबाईंच्या घरात मात्र खरा भात शिजत होता. आपला बेळगावी बासमती. कुकरची शिट्टी झाली आणि तो वास भिंत ओलांडून आला. मी मागच्या दारात नुसता उभा राहिलो. जयाबाई खिडकीतनं म्हणाल्या, "काय रं राजू, काय पाहिजे?"

३० जून, सोमवार

आज काहीतरी अजब झालं.

दुपारी मागावर होतो. ताणा, म्हणजे साडीचे उभे धागे, ओलसर हवेनं सारखा तुटत होता, जोडत बसलो. मान वर केली तर उन्हं उतरलेली. आणि मला भूक लागलेली नव्हती! विसरलो होतो जेवायचं. मी! ज्यानं आपल्या लग्नात अक्षता पडायच्या आधी मांडवामागं जाऊन जिलब्या खाल्ल्या, तो मी जेवायचं विसरलो.

मॅडम म्हणाल्या, शरीर आता साठवलेली चरबी जाळायला लागलंय. म्हणजे मी आतल्या आत माझंच खातोय. केव्हापासून भरून ठेवलेलं कोठार, आणि मी आपला दारोदार भुकेनं फिरत होतो! हे ऐकून किती वेळ मी पोटाकडंच बघत होतो. कुणी शिकवलं त्याला? मी तर नाही.

५ जुलै, शनिवार

निपाणीला, आक्काच्या सासरी जाऊन आलो. आक्का आणखी वाळलीय. हातपाय काटक्या, पोट मात्र पाण्यानं टरटरून आलेलं. डोळे हळदीसारखे. पण जीभ शाबूत! दारातच म्हणाली, "पट्टा आवळलाय की रं. कुणासाठी एवढा नटतोयस?"

म्हटलं, डॉक्टर म्हणाले वजन कमी कर, शुगर होईल. आधीच ठरवून ठेवलेलं खोटं. ताटात भात आला, तो मी बाजूला केला.

"भात न्हाय? तू?"

मग एकेक विचारायला लागली. शेंगदाणा चालतो का? तीळ? खोबरं? तूप किती? दूध? गुळाचा खडासुद्धा न्हाय? लहानपणी मला शाळेचा पाढा म्हणायला लावायची, तसंच. मी आपला प्रत्येकाला व्हय-न्हाय करत होतो. थट्टा करण्यात तिचा हात धरणारं कुणी नाही. शेवटी दाजींना म्हणाली, "बघा, आमचा राजू साधू झाला."

येताना बसमध्ये रडू आलं. हा हात आपल्याला न्हाऊ घालायचा. आता त्यानं तांब्या उचलत नाही.

१४ जुलै, सोमवार

मोठा घोळ करून ठेवला.

आज संकष्टी. आईबरोबर मीही धरली, आक्कासाठी. दिवसभर कडक उपवास! सकाळी साबुदाण्याची खिचडी. दुपारी वरीचे तांदूळ आणि शेंगदाण्याची आमटी. चारला तुपात परतलेलं रताळं. आई म्हणाली, "लेकरू बिचारं दिवसभर काय न खाता हाय." मलाही स्वतःचं कौतुक वाटलं. चंद्रोदय व्हायचा होता, तेवढ्यात मॅडमचा फोन. मी अभिमानानं सांगितलं, "मॅडम, आज काहीच खाल्लं नाही. उपवास."

"काहीच म्हणजे काय काय?"

सांगितलं. मॅडम आधी कन्नडमध्ये काहीतरी स्वतःशीच बोलल्या. मग मराठीत — "राजकुमार, लिव्हरला संकष्टी कळत नाही हो! साबुदाणा म्हणजे निव्वळ पीठ. भात खाल्ला असतात तर परवडला असता!"

फोन स्पीकरवर होता. आईनं सगळं ऐकलं. तिचं तोंड एवढंसं झालं. खिचडी तिनं केली होती, आग्रहानं. "म्हंजी मी माझ्याच हातानं माझ्या लेकीचं..." देवघरात जाऊन बसली. मी शेजारी जाऊन बसलो. म्हटलं, आई, एका दिवसानं काही होत नाही. होतं की नाही, मलाही ठाऊक नाही. भीती वाटतेय.

१९ जुलै, शनिवार

कोबी गोड असतो!

हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. आज मनिषानं तुपात कोबी परतला, नुसतं मीठ आणि जिरं. घास तोंडात गेला आणि मी थांबलो. "साखर घातलीस?" म्हणाली, "वेड लागलंय का?" मग कांदा खाऊन बघितला. तोही गोड. सुक्या खोबऱ्याची वाटी चावली — पेढा! जिभेवर जन्मभर साखरेची पुटं चढलेली, ती उतरली आणि खाली हे सगळं निघालं. इतक्या वर्षांत मी एकाही भाजीची खरी चव घेतली नव्हती म्हणायची. घरभर डबे उघडून काय काय चाखत हिंडलो. मनिषा म्हणाली, तुमच्यापरीस तान्हं पोर बरं.

२७ जुलै, रविवार

श्रावण लागला. आमच्या घरात बारा महिने अंडं उंबऱ्याच्या आत येत नाही. गेला महिना मनिषा मागीलदारी वेगळ्या पातेल्यात उकडून द्यायची, मी उभ्यानंच खायचो आणि चूळ भरून आत यायचो. आई तेवढा वेळ तोंड फिरवून बसायची. श्रावण लागल्यावर मीच म्हटलं, आता नको. नुसतं पनीर आणि डाळ-भाज्यांवर काढू. पण पनीर मला सोसेना. दोन दिवस पोट बिघडलं, अंगात त्राण राहिलं नाही. मॅडम म्हणाल्या, असं चालणार नाही, नुसतं बारीक व्हायचं नाहीय, ताकद पाहिजे.

आज सकाळी आंघोळ करून आलो तर आई चुलीशी. आत. स्वयंपाकघरात! समोर पातेलं, त्यात दोन अंडी उकळतायत. ही कोपऱ्यावरच्या दुकानात स्वतः गेली होती. पदराखाली झाकून आणली. अख्ख्या जन्मात अंड्याला बोट न लावलेली बाई. सोलता येईना, टरफलाबरोबर निम्मं पांढरं निघून आलं, बोटं भाजली. सोललं, मीठ लावलं, ताटलीत घालून माझ्यापुढं सरकवलं.

"आई, श्रावण हाय."

"हे माझ्या लेकीचं औषध हाय. औषधाला कसला श्रावण? खा."

देवीच्या फोटोकडं बघून म्हणाली, "तू बी आईच हायस. तुला कळतंय." आणि हात धुऊन पूजेला बसली.

ते अंडं मी खाली बसून खाल्लं. मांडी घालून. प्रसाद खातात तसं.

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

आमच्या भागात पंचमी म्हणजे दिवाळीहून मोठी. लेकी माहेरी येतात, झोके बांधतात, आणि येताना भावासाठी उंड्या आणतात. लाडवाला इथं उंडीच म्हणतात — तिळाची, शेंगदाण्याची, खोबऱ्याची, गुळात वळलेली. बहिणीच्या हातची उंडी भावानं खायचीच. न खाणं म्हणजे बहिणीला दारातनं परत पाठवल्यासारखं.

दाजी गाडी करून आक्काला घेऊन आले. दोन पायऱ्या चढून ती दम खात थांबली. हातातला पितळी डबा मात्र कुणाला धरू दिला नाही. "पहिली राजूनं खायची," म्हणाली. डब्याचं झाकण तिच्याच्यानं उघडेना, मी उघडलं. तिळाचा वास आला. रात्र रात्र झोप नसलेली, पाण्यानं पोट फुगलेली बाई, तिनं बसून उंड्या वळल्या होत्या.

मी नको म्हटलं.

काय करणार? उंडी म्हणजे गूळ. संकष्टीचा घोळ अजून डोक्यात होता. तीन आठवड्यांवर तपासणी आलीय. एका उंडीनं काय होतंय, असं आतून कुणीतरी म्हणत होतं, आणि दुसरं कुणीतरी म्हणत होतं, तीच एक उंडी आडवी आली तर?

"वजनाचं चाललंय आक्का. डॉक्टरांनी गूळ बंद केलाय."

"खाऊन तर बघ."

"न्हाय गं."

"राजू. खाऊन तर बघ."

मी मान हलवली. आई माझ्याकडं बघत होती, तिला सगळं ठाऊक, तरी तिचा जीव दोन्हीकडं. आक्का रागावेल वाटलं. रागावली नाही. झाकण लावून डबा माझ्या मांडीवर ठेवला. "ऱ्हाऊ दे. जवा खावं वाटंल तवा खा. पर तूच खा, दुसऱ्या कुणाला देऊ नगं."

दुपारी परसात झोका बांधला. पूर्वी ती उभ्यानं झोका चढवायची, फांदीला पाय लावून यायची. आज नुसती बसली. मी मागं उभा राहून हळूच हलवत होतो. वजन काही नव्हतंच. डोळे मिटून म्हणाली, "अजून थोडं जोरात." मी थोडं जोरात हलवलं. हसली. पिवळ्या चेहऱ्यावर ते हसू बघून मनात आलं, देवा, एवढं तरी पुरं होऊ दे.

३० जुलै, बुधवार

डबा मागाच्या खोलीत, देवीच्या फोटोशेजारच्या फळीवर ठेवलाय. खाता येत नाही, टाकवत नाही.

७ ऑगस्ट, गुरुवार

आज मॅडमनी चित्र काढून दाखवलं. लिव्हरचा मोठा भाग कापून आक्काच्या पोटात बसवतात. आणि मग — हे लिहिताना अंगावर काटा येतोय — दोन्हीकडं वाढतं! माझ्यात उरलेलं वाढून पुन्हा जवळजवळ पहिल्याएवढं होतं. तिच्यात गेलेलं तिच्या मापाचं होतं. काही महिन्यांत. बोट तुटलं तर येत नाही, दात पडला तर येत नाही, आणि हा आतला मुका गडी म्हणतो, न्या निम्मं, मी बघतो.

नळ्या कशा जोडतात ते विचारलं. केसाएवढ्या बारीक, म्हणाल्या, एकेक करून. ते मात्र मला लगेच कळलं. संपत आलेल्या ताण्याला नवा ताणा जोडतात तेव्हा हजारो धागे एकेक घेऊन पिळावे लागतात. एक चुकला की साडीभर रेघ. आमच्या सुबक गाठी बघून लोकांना नवल वाटतं. मला त्या डॉक्टरांचे हात बघायचेत. तेव्हा मी बेशुद्ध असणार, हेच वाईट!

जुनी पँट घातली. दोन्ही मुठी आत मावतात. मनिषा म्हणाली, "आता तुम्हाला ओळखायला येईना." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिला भीती वाटते, ती बोलत नाही. माझ्या ताटातलंच ती जेवते, सुरुवातीपासून. भात तिनंही सोडलाय, हे मला आत्ता, एवढ्या दिवसांनी लक्षात आलं. विचारलं तर म्हणाली, "एकट्याचा वेगळा सैपाक कोण करतंय?" एवढंच.

१४ ऑगस्ट, गुरुवार

आक्काला कोल्हापूरला ॲडमिट केलं. पोटातलं पाणी काढलं. मधेच असंबद्ध बोलत होती. दाजींना ओळखलं नाही. दाजींनी फोन नर्सकडं दिला.

दिवसभर माग बंद.

१६ ऑगस्ट, शनिवार

शुद्धीवर आहे. घरी आणतील. डॉक्टर म्हणाले, आता फार थांबता येणार नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

बेंगळुरू. स्कॅन झालं. मशिनच्या बोगद्यात पडून होतो, "श्वास धरा" म्हटलं की धरायचा, "सोडा" म्हटलं की सोडायचा. धरताना प्रत्येक वेळी आईची भाजलेली बोटं दिसत होती. निकाल उद्या.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

उतरली!!

डॉक्टरांनी दोन्ही चित्रं शेजारीशेजारी लावली. जूनचं आणि कालचं. मला त्यातलं काय कळणार! पण जूनचं होतं धुक्यातल्या रस्त्यासारखं, आणि कालचं — धुकं गेलेलं. ते म्हणाले, "पाव हिश्शाच्या वर चरबी होती. आता नावाला आहे. क्या खाया आपने?" म्हटलं, तूप. ते मोठ्यांदा हसले आणि खुर्चीतनं उठून त्यांनी माझ्याशी हात मिळवला.

मनिषा भिंतीला टेकून खाली बसली. आईला फोन केला. पलीकडून नुसती देवघरातली घंटा ऐकू आली, किती तरी वेळ. माझ्याच पोटात, मला न सांगता, न दिसता, एवढी मोठी सफाई झाली. मी फक्त जेवत होतो. हे कुणी केलं म्हणू? कुणाच्या पाया पडू? दवाखान्याच्या जिन्यात थांबून उजव्या बरगडीला हात लावून नमस्कार केला. बघणाऱ्यांना वाटलं असेल दुखतंय.

मग डॉक्टर गंभीर झाले. म्हणाले, एक गोष्ट राहिली. बहिणीनं स्वतः हो म्हणायला हवं. त्यांची सही त्यांनीच करायची. त्या नको म्हणाल्या तर आम्ही काही करू शकत नाही. "तुम्हीच समजवा."

२३ ऑगस्ट, शनिवार

उद्या निपाणीला जायचं. सांगायचं.

आई म्हणते पाया पड. मनिषा म्हणते रागाव. दाजी म्हणतात, "मला न्हाय जमलं, तुला जमतंय का बघ." सगळी वाक्यं मनात जुळवतो आणि प्रत्येकाच्या शेवटी आक्का खुर्चीतनं उठताना दिसते. भावाच्या पोटाला सुरी लागायची न्हाय. एकदा न्हाय म्हटलं की हिनं कधी शब्द फिरवलाय? चरबी उतरवणं सोपं होतं. माझ्या हातात होतं.

तिचा "न्हाय" माझ्या हातात नाही.

२४ ऑगस्ट, रविवार

बेळगाव स्टँडवर बसून लिहितोय. निपाणीची गाडी लागायची आहे. निघताना फळीवरचा डबा पिशवीत घातला. म्हटलं, आता तपासणी झाली, तिच्यासमोर बसून एक उंडी खाईन, मग बोलेन. इथं राहवलं नाही. उघडला. उंडी हातात धरली तर चुरली, गुळाचा चिकटपणाच नाही. तोंडात टाकली. खोबरं जरा खवट झालंय. तीळ, शेंगदाणा, तूप, वेलदोडा. मी पुन्हा चावून बघितलं, दुसरी फोडून बघितली, तिसरी. माझी जीभ आता फसत नाही. गुळाचा कणसुद्धा नाही! शेंगदाणा चालतो का, तीळ, खोबरं, तूप किती — एकेक विचारून घेतलं होतं तिनं. मी कुणासाठी भात सोडला, ते तिला तेव्हाच कळलं होतं, आणि तरी तिनं माझ्या पथ्याच्या उंड्या वळल्या होत्या.

पंचमीलाच ती हो म्हणाली होती. मीच खाल्लं नव्हतं.